अर्ध्या दिवसाचा प्रस्ताव

फर्मागुडीच्या चढावर एवढ्या रात्री
दिवा फक्त आमच्या स्टाफरूममध्ये.
फॉर्म उघडा आहे: प्रशिक्षण-सत्राचा प्रस्ताव,
संगणकीय आरेखन आणि प्रतिमा-प्रक्रिया परिषद.
अर्धा दिवस की पूर्ण, त्यावर एक टिचकी.
सारांश दोनशे शब्दांत.
मुदत आज मध्यरात्र, पृथ्वीवर कुठेही.
म्हणजे जगाच्या टोकाला जो शेवटचा माणूस
अजून आजच्यात बसला असेल
त्याचा आज संपेपर्यंत.
आमच्याकडे तेव्हा उद्याचे साडेपाच,
कॅन्टीनमधली पातळभाजी संपलेली.

एडविन कुतिन्य म्हणतो, शीर्षक भारदस्त हवं.
मी लिहिते: भित्तिचित्रांतील हरवलेल्या भागांची पुनर्भरणी,
मूलतत्त्वांपासून खोल जाळ्यांपर्यंत.
"खोल जाळी वाचून बेतूलचा माझा मामा
होडी घेऊन येईल."

श्रोते कोण? पदव्युत्तर विद्यार्थी.
पूर्वतयारी? रेषीय बीजगणित, थोडं पायथन.
शिकून काय मिळेल?
इथे कर्सर लुकलुकत राहतो.

गेल्या एप्रिलात सावईच्या एका लहान देवळात
आम्ही कावीच्या भिंतीचे अकराशे फोटो घेतले.
तांबडी भिंत, पांढऱ्या रेषा,
खालचा हातभर पट्टा ओलीने खाल्लेला,
हत्तीला तीन पाय,
घोडेस्वाराला चेहराच नाही.
आमच्या प्रोग्रामने शेजारचं बघून भरून काढलं.
शेजारी वेलबुट्टी होती.
स्वाराच्या मानेवर
एक सुबक फूल उमललं, अगदी आत्मविश्वासाने.

पुरसो च्यारींनी लॅपटॉप ओढला, चष्मा कपाळावर नेला.
"हें कोणाचें तोंड?"
आम्ही सांगितलं, शक्यतांपैकी सगळ्यात शक्य ते.
"तें खरें. पण कोणाचें?"

मग त्यांनी एका विटेवर चुन्याचा थर दिला,
वर काव फिरवली, कोरणी घेतली.
"चित्र काढतात म्हणजे काय, बाय?
काढतात. वरचं तांबडं काढायचं.
जें उरता तें चित्र न्हय. जें गेलें तें."
बोलताना हात थांबला नाही.
चुना वाळायच्या आत संपवावं लागतं,
चूक झाली तर चुकीसकट.

सहा वर्षं मी मुलांना सांगत आले
की मुखवट्यात पांढरं म्हणजे हरवलेलं,
पांढरं दिसेल तिथे भरा.
त्या विटेवर पांढरं होतं
तेवढंच कुणाच्या तरी हाताचं होतं.

पुनर्भरणी खोडते.
शीर्षक: भरण्याआधी.
पहिला तास नुसतं बघायचं,
गेलेल्या भागाची कड हाताने आखायची, घाई न करता.
दुसऱ्यात तीन रीतींनी भरायचं
आणि तिन्ही कुठे खोटं बोलतात ते पकडायचं.
तिसरा तास, कुठे थांबावं.
तो एडविन घेईल, ज्याला थांबता येत नाही.

तिसरे वक्ते: पुरसो च्यारी.
ईमेलच्या रकान्याला लाल तारा आहे, माझाच पत्ता घालते.
संस्था? सावई, तालुका फोंडा.
पूर्वी कुणाला शिकवलं आहे का?
सकाळी फोन करून विचारते.
"पुताक," ते म्हणतात. थोड्या वेळाने,
"तो आतां दुबय आसा."
लिहिते: विद्यार्थी, एक.

लागणारं साहित्य: प्रोजेक्टर, चाळीस प्लग,
एक बादली ओला चुना.
एडविन वाकून वाचतो,
"परिषदेलाच चुना लावतेस?"

पाच अठ्ठावीसला पाठवलं.

आठवड्याने आयोजकांचं नम्र पत्र:
प्रस्ताव आवडला, एकच शंका.
चुना ही कोणती लायब्ररी? कृपया आवृत्ती कळवावी.

एडविन खुर्चीतून पडायचा राहिला.
मी खिडकीत ठेवलेली वीट उचलून पाहिली,
अंगठा घासला, काहीच निघालं नाही.
उत्तर लिहिलं: आवृत्ती एकच.
वाळेपर्यंत चालते.